पन्नास फूट नळी, एकोणीस झाडं

१९ जून, बुधवार

नळी पुन्हा खुर्चीच्या पायात अडकली. मी पुढे, नाक मागे! मानेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे. कुको स्वयंपाकघरातून ओरडला, "काय पाडलंस गं?" म्हटलं, मलाच.

नळी पन्नास फुटांची. ऑक्सिजनचं मशीन हॉलमध्ये. तिथून माझी खोली, बाथरूम, स्वयंपाकघर, पुढचं दार. दाराच्या उंबऱ्यावर संपते. फाटक त्यापुढे बावीस पावलं.

चोवीस वर्षं शाळेची बस चालवली मी. अख्खं दक्षिण फिनिक्स माझ्या चाकांखालून गेलं. साठ पोरं मागे कोकलत असताना मी एका हाताने कॉफी प्यायचे. मग धुळीतली एक बुरशी छातीत शिरली. खोऱ्याचा ताप म्हणतात इथे. निम्म्या गल्लीला होऊन गेलाय, सर्दीसारखा येतो नि जातो. माझ्याकडे आला तो बिऱ्हाड थाटून बसला. सहा वर्षं झाली.

पारा एकशे चौदा फॅरनहाइट.

२० जून

हवेचा इशारा. गरज नसल्यास घराबाहेर पडू नका — जसं काही मी पडणारच होते!

२२ जून

आज माणूस आलं घरात. कुको सोडून दुसरं.

विनोना आन्तोन नाव. चाळिशीची, इथल्या मूळच्या ओओधाम लोकांतली, उन्हाने रापलेली, हातावर काट्यांचे ओरखडे. झाडं लावणाऱ्या एका संस्थेत काम करते. आमच्या बाहेरच्या भिंतीवर तिला हवा मोजायची पांढरी डबी बसवायची होती. कुकोने दार अर्धंच उघडलं. "कशाला?"

"हवेत किती धूळ आहे ते कळेल, सेन्योर."

"ते माझ्या बहिणीच्या खोकल्यावरून कळतं. फुकटात."

ती हसली. मी आतून ओरडले — येऊ दे रे तिला! ओरडल्यावर पाच मिनिटं बोलता आलं नाही, ते वेगळं.

अशीच दुसरी डबी तीन गल्ल्या पलीकडे, चर्चच्या आवारात लावली आहे म्हणे. तिथे मेस्कीटची जुनी झाडं आहेत. माझ्या टॅबलेटवर तिने दोन्ही आकडे दिसतील असं करून दिलं. आकडा जितका मोठा तितकी हवा घाण.

आमची भिंत : १६१. चर्च : ८८.

तीन गल्ल्या!

२४ जून

सकाळपासून आकडेच बघतेय. पूर्वी मालिका बघायचे तसं.

खिडक्यांना ऊन नको म्हणून चंदेरी कागद चिकटवलाय. एका कोपऱ्यात नखाने खरवडून मी बोराएवढं भोक पाडलंय. त्यातून रस्ता दिसतो, त्यापलीकडे बोडकं पटांगण, त्याहीपलीकडे ट्रकचा तळ. ट्रक हलला की पटांगण उठून उभं राहतं आणि चालत आमच्या घरात येतं. अकरा वाजता तीन ट्रक गेले. आमचा आकडा १९०. चर्चचा ९१.

कुको म्हणाला, "त्या टॅबलेटवर डोळे लावून हवा साफ होणार आहे का?" आणि माझ्यासमोर बीन्सची थाळी ठेवली. टॉर्टिया दोन्ही बाजूंनी भाजलेल्या, मला आवडतात तशा. एकाहत्तर वर्षांचा झाला. गुडघा गेलाय. तरी रोज पाचला उठतो, मशीनची जाळी धुतो, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसतो. माझा थोरला भाऊ. घर आई-बापांचं, आता त्याच्या नावावर. माझा नवरा, लालो, गेल्यापासून मी इथे आहे, एकोणतीस वर्षं. आई गेली तेव्हापासून आम्ही दोघंच.

३० जून

विनोना परत आली. या वेळी कागद घेऊन.

आमच्या कुंपणापासून पटांगणाच्या कडेने ट्रकच्या तळापर्यंत जी पट्टी आहे ना, तिथे त्यांना एकोणीस झाडं लावायची आहेत. शहराने परवानगी दिली. पण पहिली दोन वर्षं पाणी घालावं लागतं, आणि त्या बाजूला नळ एकच — आमचा. घरमालकाची सही हवी. म्हणजे कुकोची.

कुको म्हणाला, "नाही."

बस. तो परसात निघून गेला.

मी तिला बसवून घेतलं. विचारलं, झाडं नेमकं करतात काय? चर्चमध्ये मेणबत्ती लावल्यासारखं आहे, की खरंच काही होतं?

"पानं धूळ झेलतात, पाऊस आला की धुऊन खाली सोडतात. मुळं माती धरून ठेवतात, मग ती उडायला मोकळी राहत नाही. आणि सावलीतला रस्ता तापत नाही. ऊन आणि गाड्यांचा धूर मिळून जो विषारी वायू शिजतो, तो कमी शिजतो."

"म्हणजे आम्ही पातेल्यात राहतो म्हण की!"

"झाकण लावलेल्या." मग म्हणाली, "पण खोटं नाही सांगणार, सेन्योरा. चर्चकडचा आकडा कमी येतो तो सगळाच झाडांमुळे नाही. तिथे ट्रक नाहीत. आणि कुठलंही झाड चालत नाही. नर तुती लावली तर वसंतात परागाने छाती भरेल, तुम्हीच मला शिव्या घालाल."

"आणि पाम?"

"पाम कसलं झाड, सेन्योरा! तो गवताचा भाऊ. सावली नाही, धूळ धरणं नाही. नुसता उंच."

मला एकदम हसू आलं. मग हसू थांबेना, मग खोकला थांबेना. बिचारी घाबरली. तिला काय माहीत, माझा नवरा त्या गवताच्या भावावर मेला ते.

२ जुलै

लिहूनच टाकते. परवा अर्धं लिहिलं आणि झोपच आली नाही.

कुको आणि लालो दोघंही पाम छाटायचे. श्रीमंत वस्त्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पामच्या रांगा. वर्षानुवर्षं छाटले नाहीत की वाळक्या झावळ्यांचा घेर खोडाभोवती जमतो, घागऱ्यासारखा. कामगार खालून कापत वर जातो. कधी सगळा घेर एकदम सुटतो आणि खाली घसरून त्याच्यावर बसतो. माणूस पडत नाही. पट्ट्याने झाडालाच बांधलेला असतो. तिथल्या तिथे, झावळ्यांच्या आत, श्वास कोंडून जातो. खालून दिसतसुद्धा नाही.

लालो अडतीस वर्षांचा होता. मी चौतीस. कुको खाली दोर धरून उभा होता.

त्यानंतर कुकोने एकही झाड छाटलं नाही. परसातलं लिंबाचं झाडही मुळासकट काढलं, आईने लावलेलं. आमच्या घराला सावली म्हणून नाही ती तेव्हापासून. आई रडली. कुणी त्याला बोललं नाही.

३ जुलै

भांडण. मीच उकरून काढलं.

"सही केलीस तर तुझं काय जातं रे? पाणी घालायचं तर मी खिडकीतून नळी सोडते!"

"तुझी नळी तुला पुरत नाही."

"तीन गल्ल्यांवर लोक चांगली हवा खातायत, कुको. आणि मी इथे फरशीवरची धूळ खातेय. तू पुसतोस, ती पुन्हा येते."

तो बराच वेळ ताटली घासत राहिला. एकच ताटली. मग पाठ न वळवता म्हणाला, "झाड लावलं की पुढे कुणाला तरी त्याच्यावर चढावं लागतं."



११ जुलै

संध्याकाळी सव्वासहाला धुळीची भिंत आली. भोकातून बघितलं — ट्रकचा तळ होता, नाहीसा झाला. पटांगण होतं, नाहीसं झालं. मग आमचं फाटक. तपकिरी अंधार.

आणि वीज गेली.

मशीन आधी किंचाळतं, मग गप्प होतं. ते गप्प झालं की मला माझ्याच छातीचा आवाज येतो — फुटक्या भात्यासारखा. कुकोने सिलिंडर जोडला. काटा अर्ध्यावर! दुसरा सिलिंडर रिकामा, बदलून आणणारा सोमवारी येतो. "बोलू नकोस," कुको म्हणाला, "हलू नकोस, लिंदा, फक्त आत-बाहेर, आत-बाहेर." दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. एसी बंद, घर तापायला लागलं. भट्टीत भाकरी ठेवावी तसं. खिडकी उघडावी तर धूळ, न उघडावी तर उकाडा. पुठ्ठ्याने तो मला वारा घालत होता आणि काट्याकडे बघत होता. मी काट्याकडे बघतेय हे त्याला कळलं तेव्हा त्याने सिलिंडर वळवून ठेवला, काटा भिंतीकडे.

मनात एकच — लालोला असंच झालं असेल. असंच. माणूस शेजारी उभा, आणि काही करता येत नाही.

वीज साडेआठला आली. कुको मशीनसमोर जमिनीवर बसला, गुडघा दुखत असूनही, आणि दोन्ही हातांनी ते धरून बसला. जसं ते पळून जाणार होतं.

१३ जुलै

विनोना विचारपूस करायला आली. म्हणाली, एवढ्या वादळापुढे झाडंही हात टेकतात, त्या संध्याकाळी चर्चचाही आकडा आमच्याइतकाच वर गेला होता. पण काल सकाळी तिथली धूळ बसली होती. आमची अजून उडतेय.

आमचा २०४. चर्च ९७.

कुकोने ऐकलं. सही केली नाही.

२ ऑगस्ट

सलग तेहेतिसावा दिवस, एकशे दहाच्या वर.

३ ऑगस्ट

चौतिसावा.

१८ ऑगस्ट

येसेनियाचा टूसॉनहून फोन. कुकोची मुलगी. मुलगी झाली तिला! कुको फोनवर नुसता "हो... हो..." करत होता, मग फोन माझ्या हातात देऊन परसात गेला, या उन्हात.

येसेनिया म्हणाली, "आत्या, त्यांना पाठव ना इकडे. गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करून घेऊ. खोली तयार आहे. निदान बाळ तरी बघतील."

म्हटलं, मी सांगते.

संध्याकाळी सांगितलं. कुको म्हणाला, "आणि तुझी जाळी कोण धुणार?"

मी आग्रह केला नाही. एकदासुद्धा 'जा' म्हणाले नाही. लिहून ठेवतेय, कारण ते खरं आहे.

१९ ऑगस्ट

येसेनिया आठ-नऊ वर्षांची असताना तिची आई अमपारो तिला घेऊन निघून गेली. म्हणाली होती, "हा माणूस बहिणीचं घर चालवतो, बायकोचं नाही." खरंच होतं. लालो गेल्यापासून कुकोने माझ्याशिवाय कुणाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, किती माया!

आज आकडे बघितले नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार

आज मी बाहेर गेले!!

कुकोच म्हणाला सकाळी. "चर्चला जायचं?" मला वाटलं चेष्टा करतोय. सहा महिन्यांत डॉक्टरशिवाय कुठे गेले नव्हते. भरलेला सिलिंडर, चाकांची पिशवी, मास्क. बावीस पावलं मी दोनदा थांबून चालले. फाटकाला हात लावला. तापलेलं होतं, तरी धरून राहिले.

प्रार्थना चुकलीच. आत गर्दी आणि धूप, मला चालला नसता. आम्ही आवारात बसलो, मेस्कीटखाली. तीन झाडं, प्रचंड, खोडं पिळलेली, फांद्या जमिनीपर्यंत. खाली शेंगांचा सडा. बाहेर रस्त्यावर एकशे दोन आणि इथे — कसं सांगू — हवा अंगाला चावत नव्हती. पानं एवढीशी, चिंचेच्या पानांसारखी. विनोना म्हणाली होती, धूळ अशाच बारीक पानांवर अडकते. मी एक डहाळी पुसून बघितली. बोट काळं! म्हणजे ही धूळ माझ्या छातीत जायची होती, ती इथे थांबली. मला झाडाला सॉरी म्हणावंसं वाटलं.

मग उठले आणि झाडाभोवती चालले. एक फेरी. पिशवी कुकोकडेच होती, तो मागून ती ढकलत येत होता आणि पुटपुटत होता, "हळू, हळू, कुणी मागे लागलंय का?" दुसरी फेरी. खोकला नाही! तिसरी अर्धीच झाली, पाय संपले. श्वास नाही संपला, पाय संपले. सहा वर्षांत पहिल्यांदा पाय आधी संपले.

कुको वर बघत होता. फांद्यांकडे, धंद्याच्या नजरेने. म्हणाला, "याच्यावर चढायला नको. खालून शिडीवर उभं राहून होतं सगळं."

३० सप्टेंबर

कुकोने सही केली. सकाळी कॉफीच्या कपाखाली कागद होता, त्यावर कुकोचं कागदोपत्री नाव, वेडंवाकडं — रेफुहिओ मोंतीहो. बघून मला ओरडावंसं वाटलं. तो म्हणाला, "थांब. आधी ऐक."

आणि सांगितलं.

"त्या दिवशी चढायची पाळी माझी होती, लिंदा. लालोची नव्हती. आदल्या दिवशी येसेनियाचा वाढदिवस. मी प्यालो होतो किती ते तुला माहीत आहे. सकाळी उभं राहवत नव्हतं. लालो म्हणाला, बस तू खाली, मी जातो. मी अडवलं नाही. 'नको' एवढा एक शब्द म्हणालो नाही. पट्टा मीच काढून त्याच्या कमरेला बांधला. माझा पट्टा होता तो."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. कॉफीचा कप धरलेले.

"एकोणतीस वर्षं तू माझ्या हातचं खातेस. मला वाटायचं, आज सांगेन, उद्या सांगेन. त्या वादळात वाटलं, आता ही जाणार आणि मी न सांगता राहणार."

तो थांबला. मी बोलण्याची वाट बघत होता. मशीन चालू होतं, घुर्र घुर्र. त्या आवाजाआड मी बसून राहिले.

बोलायला हवं होतं मी. काय, ते या वहीलाही सांगणार नाही.

४ ऑक्टोबर

आम्ही बोलत नाही. म्हणजे — "जेवलीस?" "हो." "जाळी धुतली." "बरं."

त्याला वाटतं मी रागावलेय. वाटू दे.

११ ऑक्टोबर

एकाच घरात, पन्नास फुटांच्या आत. मी हॉलमध्ये गेले की तो परसात जातो. मी खोलीत आले की तो हॉल पुसतो. आज मला न विचारता माझ्या पायांना तेल चोळायला बसला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. एकदाही वर बघितलं नाही. मी म्हणाले, "राहू दे, कुको." त्याला ते 'माफ नाही' असं ऐकू आलं. चेहऱ्यावरून कळलं.

माझ्या छातीत बसलंय ते सगळंच बुरशी नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

झाडं लागली!

वीस-पंचवीस माणसं आली. गल्लीतली पण होती, ज्यांना मी कधी बसमध्ये दम दिला होता ती पोरं आता बाप झालेली. "सेन्योरा मोंतीहो, आता तरी बसल्या जागी बसा म्हणून ओरडा!" — एकजण खिडकीशी येऊन म्हणाला. मी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले, मास्क लावून. नळी ताणलेली.

जमीन म्हणजे दगड. चुन्याचा थर असतो खाली, पहार मारली की ठिणग्या. कुकोने पहार हातात घेतली आणि सगळे बाजूला झाले. कसा मारत होता! त्याचा गुडघा, त्याचं वय — मला हाक मारावीशी वाटली, मारली नाही. बारा मेस्कीट, सात पालो व्हेर्दे. हिरव्या सालीची काटकुळी पोरं, काठीला बांधलेली. एकोणीस.

विनोना घामाने निथळत माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "चर्चसारखी कधी होतील?"

तिने पाण्याची बाटली अर्धी संपवली. "दहा-बारा वर्षं. धूळ थोडी अडायला पाच."

"मला डॉक्टरांनी तेवढी दिलेली नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. गोड बोलली नाही. म्हणून ती मला आवडते. "माझ्या आजीने लावलेल्या मेस्कीटच्या शेंगा मी खाल्ल्या, सेन्योरा. तिने नाही खाल्ल्या. पण ती रोज संध्याकाळी त्याच्याशी भांडायची, वाढत नाहीस म्हणून. मजेत होती."

हवा आज आमच्याकडे १२०. चर्चकडे ७०. झाडांनी काहीही केलेलं नाही अजून, तरी आकडा बघून मला बरं वाटलं. मूर्ख!

१७ नोव्हेंबर

कुको रोज दोनदा पाणी घालतो. विनोना आज चिडली. "सेन्योर, वाळवंटातली झाडं आहेत ही! आठवड्यातून दोनदा, खोलवर, आणि मग सोडून द्या त्यांना. सतत पाजाल तर मुळं वरच्या वर राहतील. पहिल्या वाऱ्यात आडवी होतील."

कुको मान खाली घालून उभा होता. "सोडवत नाही," म्हणाला.

१८ नोव्हेंबर

सोडवत नाही.

२ डिसेंबर

थंडी. लोक घरात लाकडं जाळतात, धूर वर जात नाही, शहरावर रजईसारखा पडून राहतो. आमचा १४८, चर्चचा ११०. धुरापुढे त्यांचीही झाडं जेमतेमच. मी आत.

पहाटे कुको परसात घसरला. गुडघा सुजून भोपळ्याएवढा. तरी भिंत धरून आला आणि जाळी धुतली. मी म्हटलं, बस जरा. "बसतो," म्हणाला, आणि फरशी पुसायला घेतली. बसून, सरकत सरकत. मी माझ्या पलंगावरून बघत होते. माझा भाऊ फरशीवर सरकतोय आणि मी बघतेय.

७ डिसेंबर

येसेनियाचा फोन. नाताळात बाळाचा बाप्तिस्मा. "या वेळी तरी या, बाबा." कुको म्हणाला, "तुझ्या आत्याला एकटं कसं सोडू?" येसेनिया रडली असावी. फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "तू काळजी करू नकोस हं. मी आहे शेवटपर्यंत. तेवढं तरी करतो."

तेवढं तरी!

मी मान हलवली. एखादी महाराणी हलवते तशी.

१० डिसेंबर

आज विनोनाला विचारलं, माझ्यासारखीकडे दिवसातून एकदा येणारी बाई मिळते का. म्हणाली, तिची मावशीच असलं काम करते, तिला विचारते. तीन तासांनी तिचा होकार आला. तीन तास! आणि मी एकोणतीस वर्षं समजत होते की या माणसाशिवाय दुसरं कुणी नाही.

कुकोला अजून सांगितलं नाही. ते सांगायचं तर आधी दुसरं सांगायला लागेल.

१३ डिसेंबर

नाही जमलं.

१४ डिसेंबर

आजही नाही. तो झाडांकडे होता. मी उंबऱ्यापर्यंत गेले, तोंड उघडलं, आणि थंडी वाजते म्हणून शाल मागितली. तो पळत आला. लंगडत, पण पळत.

१५ डिसेंबर

सांगितलं.

वाढदिवसाच्या रात्री आम्ही इथेच राहिलो होतो. त्या सकाळी तू परसात ओकत होतास. मी लालोचा डबा भरत होते. मीच त्याला म्हणाले, आज कुकोला वर पाठवू नकोस, पडेल, तू चढ. तो म्हणाला, बरं.

कुकोने विचारलं, "आणि अमपारो गेली तेव्हा? येसेनिया एवढीशी होती, लिंदा. तेव्हाही तू हे मनात ठेवून होतीस?"

हो म्हणाले.

त्याने शांतपणे टूसॉनला फोन लावला, माझ्यासमोर उभा राहून. "मी येतोय," म्हणाला. कधीपर्यंत राहणार, ते तिने विचारलं असावं. त्याने उत्तर दिलं नाही.

मशीनची जाळी आज मी धुतली.